कुंकू लावलेला बर्फ

आधीच क्षमा मागून ठेवतो. ललित लेख लिहावा एवढं माझं वाचन नाही, आणि आमच्या घरात लिहिलेला कागद म्हणजे विजेचं बिल किंवा लग्नाची पत्रिका, याखेरीज फारसं काही येत नसे. आमच्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. त्यामुळे वार्षिकांकासाठी प्रत्येकानं आपल्या घरचं काही लिहावं असं सरांनी वर्गात सांगितलं, तेव्हा मी बाकावरच्या रेघोट्यांकडे बघत राहिलो. इतरांच्या घरी काय काय असेल असं वाटत होतं. आमच्या घरी होता तो कापूस. पुढं कितीतरी दिवस तो विचार मनातून जाईना, आणि हळूहळू वाटू लागलं की कापसाविषयीच लिहावं, कारण निदान त्याच्याविषयी मला खोटं लिहिता येणार नाही. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

कापसाला वास नसतो असं लोक म्हणतात. असतो. थंडीतल्या सकाळी ओट्यावर ऊन येतं, त्या उन्हात पिंजलेल्या कापसाचा ढीग तापू लागतो आणि त्यातून सरकीचा एक कोवळा, किंचित तेलकट वास उठतो. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूसारखा. आमच्या सोलापूरला थंडी वसतीला येत नाही. ती एखाद्या घाईतल्या पाहुणीसारखी येते, उंबऱ्यातच चार शब्द बोलते आणि चहा न घेता निघून जाते. पण तेवढ्या चार दिवसांत ऊन केवढं समंजस होतं! एरवी डोक्यावर बसणारं ते ऊन पायाशी येऊन बसतं, गावाबाहेरच्या रानांतून हुरडा भाजल्याचा धूर वाऱ्याबरोबर गल्लीपर्यंत पोचतो, आणि त्या धुरात, त्या उन्हात, एक पाय दुमडून, एक पाय पसरून माझी अव्वा कापूस वळत बसलेली असते. आईला आम्ही अव्वा म्हणतो, वडिलांना अप्पा. अव्वा कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मैंदर्गीची. घरात आमचं बोलणं कानडीत सुरू होतं आणि मराठीत संपतं, की उलट, हे आम्हालाही कधी कळत नाही.

देवाला घालायचं कापसाचं वस्त्र, ज्याला आमच्याकडे गेजवस्त्र म्हणतात, ते करण्यात अव्वाचा हात धरणारं कुणी नाही. बोटांना दुधाचा ओलावा लावून ती कापसाचा पेळू ओढते, ठराविक अंतरावर त्याला चिमटीत पीळ देते, आणि बघता बघता मोगऱ्याच्या कळ्या ओवाव्यात तशी एक पांढरी माळ तिच्या मांडीवरून खाली उतरू लागते. शेवटी कळीआड कळी हळदीचं बोट आणि कुंकवाचं बोट. त्यावाचून वस्त्र पुरं होत नाही. श्रावणापासून दिवाळीपर्यंत आमच्या ओट्यावर बायकांची ये-जा असे. कार्तिकातल्या दिव्यांची धामधूम उतरली की मात्र वातींची मागणी उतरे, वस्त्रांची उतरे, आणि अव्वाची बोटं उगाच पदराच्या टोकाशी चाळा करीत बसत.

अशाच एका रिकाम्या सकाळी सलोमी टीचर आल्या. मी प्राथमिक शाळेत होतो, आणि माझी बाराखडी त्यांच्याच हाताखालची. बारीक चणीची बाई, ऋतू कोणताही असो हातात निळी छत्री, आणि आवाज असा की घंटा न वाजवता शाळा सुटावी. देवळामागच्या बैठ्या चाळीत त्या एकट्या राहत. देऊळ म्हणजे त्यांचं, प्रभू येशूचं. मुलगी लग्न होऊन मिरजेला गेलेली. गेजवस्त्राचं त्यांना काय काम, असं अव्वाच्या चेहऱ्यावर दिसत असावं, कारण छत्री मिटत त्या सरळच म्हणाल्या,

"महादेवी, मला बर्फ करून देशील का?"

"बर्फ?" अव्वानं मान वर केली. "टीचर, घरी पोचंपतुर पानी हुईल की त्येचं."

"अगं, कापसाचा! नाताळला येशूजन्माचा देखावा मांडतो ना, त्या गव्हाणीवर घालायला. गोठ्यावर, झाडांवर, सगळीकडं बर्फ पडलाय असं दिसलं पाहिजे."

"व्हय. पर बर्फ पडतो म्हंजी कसा पडतो?"

या प्रश्नावर टीचरही थांबल्या. त्यांनीही आयुष्यात बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, गोणपाटात गुंडाळलेला. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "पडतो आपला. वरून खाली." आणि दोघी हसत सुटल्या.

अव्वानं मग आपल्याला येत होतं तेच केलं. लांबच लांब माळा वळल्या, झाडांच्या फांद्यांवरून सोडता येतील अशा, आणि गोठ्याच्या छपरासाठी रुंद, विरळ पट्ट्या, ज्यांतून दिवा लावला तर उजेड झिरपावा. सगळं तयार झालं तेव्हा तो ढीग खरोखरच दृष्ट लागण्यासारखा दिसत होता. पण अव्वाला त्यात काहीतरी सलत होतं. ती पुन्हापुन्हा त्याच्याभोवती फिरली. "लेकराच्या जन्माचा सण हाय म्हंत्यात," ती अप्पांना म्हणाली, "आन् नुसतं पांढरंफटक कसं द्यावं?" अप्पांनी खांदे उडवले. मग तिनं करंडा घेतला आणि त्या सगळ्या बर्फाला, कळीआड कळी, हळदकुंकू लावलं.

ते गाठोडं देवळात उघडलं गेलं तेव्हा मी अव्वाचा पदर धरून उभा होतो. गव्हाणीशेजारी परदेशातलं एक रंगीत भेटकार्ड टेकवून ठेवलं होतं, कसं सजवायचं ते बघायला. त्यावरचा बर्फ दुधासारखा स्वच्छ. अव्वानं एकदा त्या कार्डाकडे पाहिलं, एकदा आपल्या लालपिवळ्या ठिपक्यांकडे, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला रडू येऊ लागलं.  आणि मग टीचर हसू लागल्या. एवढ्या हसल्या, की छत्री टेकवून बाकावर बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. "पाळकसाहेब, बघा तरी! बाळाला तीट लावून आणलीय हिनं!" पाळकसाहेब म्हणजे त्या देवळाचे धर्मगुरू, गंभीर माणूस. त्यांनी एक माळ हातात घेतली, उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाले, "बेथलेहेमात तरी एवढा बर्फ कुठं पडत होता? सोलापुरात पडलाच, तर तो असाच पडेल. लावा."

ओट्यावरच्या या कापसातून आमचं दुकान कसं वाढलं असं मला कुणी विचारलं तर मी इथूनच सांगू लागतो, कारण त्या नाताळात जे कुणी गव्हाण बघून गेले ते पुढच्या वर्षी आमच्या ओट्याशी येऊन कुंकवाचा बर्फ मागू लागले. पांढरा मागणाऱ्यांना अव्वा पांढराही देई, पण नाइलाजानं; आणि द्यायच्या आधी कोपऱ्यात कुठंतरी, दिसणार नाही असं, एक बोट लावूनच देई. मग एकेक गोष्ट दुसरीचा हात धरून येत गेली. दिवाळीच्या आकाशकंदिलांचे उरलेले कामट्यांचे सांगाडे होते, त्यांना वळवून वाकवून चांदण्या झाल्या. अप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होते. मालकाला विचारून ते वाया गेलेलं रंगीत सूत सायकलला बांधून आणीत, आणि त्याचे गोंडे चांदण्यांच्या टोकांना लोंबू लागले. शेजारचे सलीमचाचा पंखे-मिक्सर दुरुस्त करतात. त्यांनी चांदण्यांच्या पोटात दिवे बसवून दिले. गव्हाणीत गाई-बैल लागतात, तर बैलांच्या सणाला, बेंदराला, कुंभारवाड्यात केलेले मातीचे बैल थोडे उरलेले असतातच. त्यामुळे आमच्या गव्हाणीतले बैल शिंगांना बेगड लावलेले, पाठीवर झूल घातलेले; बाळाकडे असे मान वळवून बघतात, जणू आता मिरवणुकीलाच निघायचंय. एका वर्षी ओट्यावर टेबल आलं, पुढं ताडपत्रीचा मांडव आला, मांडवाच्या पुढं लोकांच्या चपला आल्या. शाळांच्या बाई आल्या, बेकरीवाले आले, आणि नाताळ म्हणजे काय हे धड ठाऊक नसलेली पोरंही, केवळ चांदणी हवी म्हणून, बापाचा शर्ट ओढत आली.

मला वाटतं, वाढ हा शब्द आपण फार घाईनं वापरतो. झाड वाढतं तेव्हा आपल्याला फांदीच दिसते. आमच्या दुकानाच्या मुळाशी मात्र एक रीत होती, आणि ती कुणी ठरवून घातलेली नव्हती. दर वर्षी नोव्हेंबर सरता सरता मांडव उभा राहिला, की पहिलं गिऱ्हाईक सलोमी टीचर. त्या यायच्या, छत्री मिटायच्या, डोळे मिटून हलक्या आवाजात प्रार्थना करायच्या. तेवढ्यात अव्वा बसवण्णाच्या तसबिरीपुढं दिवा लावून कपाळाला विभूती ओढायची. आणि दोघींचं संपलं की टीचर कुंकवाच्या बर्फाची एक माळ विकत घ्यायच्या. घासाघीस करून! "मागच्या वर्षीपेक्षा बारीक झालीय गं कळी." "डोळं बारीक झाल्यात तुमचं, टीचर." ती नोट अव्वा डोळ्यांना लावी, आणि मगच दुकान सुरू. त्या बोहनीवाचून अव्वानं आजवर एक गोंडाही विकला नव्हता.

यंदा दिवाळीनंतर आम्ही गल्लीच्या तोंडाशी गाळा घेतला. शटर असलेला, भिंतींना फळ्या असलेला, खरा गाळा. अप्पांनी मागावरचं काम सोडलं. इतकी वर्षं मागाच्या खडखडाटात बोलल्यामुळे त्यांचा आवाज अजूनही मोठा आहे, आणि गाळ्याच्या शांततेत तो त्यांना स्वतःलाच दचकवतो. पण नवा सदरा घालून, फळीवरच्या चांदण्या उगाच इकडच्या तिकडे करीत ते उभे राहिले, तेव्हा मला ते लग्नातल्या वरबापासारखे दिसले. माल भरला. दिवे लागले. आणि नेमकं कळलं की टीचरांच्या घराला कुलूप आहे. छातीत दुखू लागलं म्हणून मुलगी शांताताई येऊन त्यांना मिरजेला घेऊन गेली होती. शस्त्रक्रिया करावी लागणार, एवढंच पाळकसाहेबांना ठाऊक होतं. "प्रार्थना करा," ते म्हणाले, "काही कळलं की सांगतो." त्यांनी शांताताईंचा नंबरही दिला आणि आमचाही नंबर शांताताईंना कळवला. पण अव्वानं मला फोन लावू दिला नाही.

"ती तितं छाती उघडून पडलीया, आन् मी हितनं दुकानाचं इचारू?"

"दुकानाचं नाही, अव्वा. तब्येतीचं विचारू."

"तिला कळंल की आपुन बोहनीसाठीच इचारतोय. न्हाय. साकु." साकु म्हणजे पुरे; अव्वाचं कानडी साकु आलं, की त्या विषयावर पडदा पडतो.

मग सुरू झाले ते विलक्षण दिवस. रोज सकाळी अव्वा शटर वर करी, उंबरा झाडी, दिवा लावी आणि गल्ल्यामागं बसून कळ्या वळू लागे. गिऱ्हाईक येई. त्याला बसायला स्टूल मिळे, चहा मिळे, सगळा माल बघायला मिळे. फक्त विकत काही मिळत नसे. "उद्याच्याला या की," अव्वा इतक्या मायेनं सांगे की माणसं रागवायचीसुद्धा विसरत. शिवाय तिनं स्वतःच एक तोड काढली होती. लहान पोर हट्टाला पेटलं, की ती चांदणी काढून त्याच्या हातात ठेवी. देणं म्हणजे विकणं नव्हे, असा तिचा हिशेब. अप्पा डोक्याला हात लावीत. "असंच चाललं तर बोहनीच्या आदी दुकान संपंल की गं!"

सलीमचाचा दुपारी हात पुसत येत आणि दारात उभे राहून मला विचारत, "क्या रे शिवू, दुकान खोले की नुमाइश? टिकट लगाव, टिकट!" मग आत डोकावून, "भाभी, कायकू अटकाके रखे? मैं करतूँ ना बोहनी, एक तारा देव."

"तुमी बसा, भाईजान. चा घ्या."

"चाय पी पी के पेट में तालाब हुआ मेरा!"

सगळे हसत. अव्वाही हसे. मीही हसत होतो, पण कॉलेजातून परतताना त्या उजळलेल्या, भरलेल्या, कुणी काही नेत नसलेल्या गाळ्याकडे दुरून पाहिलं की मी मनातल्या मनात नाताळला उरलेले दिवस मोजू लागे. मला वाटलं, मी शिकलेला आहे, हे समजावून सांगणं माझं काम. एका संध्याकाळी मी अव्वाजवळ बसलो आणि जमेल तसं बोललो. अप्पांचं काम सुटलंय, मोसम म्हणजे हेच थोडे दिवस, नाताळ उलटला की चांदणी कोण घेणार, टीचरांनाही हे आवडणार नाही. अव्वा ऐकत होती. तिच्या बोटांमधून कळीमागून कळी बाहेर येत होती. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दुसऱ्या कुनाच्या हातनं बोहनी केली, म्हंजी ती येत न्हाय असं मीच म्हनल्यावानी झालं का न्हाय?"

  समोर चांदण्या वाऱ्यानं मंद फिरत होत्या, त्यांच्या सावल्या अव्वाच्या कपाळावरच्या विभूतीवरून जात-येत होत्या, आणि मला एकदम उमगलं की ती दुकान बंद ठेवून बसली नव्हती. ती एक जागा धरून बसली होती, गर्दीच्या एसटीत खिडकीपाशी रुमाल टाकून आपल्या माणसासाठी धरतात तशी. जोवर रुमाल आहे तोवर माणूस वाटेतच आहे. त्यानंतर मी तिला काही म्हणालो नाही. तिच्याजवळ बसून कापूस पिंजू लागलो.

परवा दुपारी फोन वाजला. ऊन गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. अप्पा स्टुलावर चढून काहीच बिघडलं नसलेली चांदणी नीट करीत होते, सलीमचाचा चहाची बशी फुंकत होते, आणि अव्वाची बोटं कुंकवानं भरलेली, म्हणून फोन मी उचलला.  पलीकडून शांताताई बोलत होत्या. शस्त्रक्रिया नीट झाली. आज आईला खाटेवर बसवलं. तोंड उघडलं ते हेच विचारायला, की महादेवीला फोन केलास ना? "आणि मी केलाच नव्हता रे," त्या हसत होत्या की रडत होत्या कळेना, "दवाखान्यात भरती केलं त्याच आठवड्यात तिनं मला बजावलं होतं, आणि या सगळ्या धावपळीत माझ्या डोक्यातून पार गेलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत टीचरांना नुसतं पडून राहायचं होतं, आणि नुसतं पडून राहणं त्यांना कधी जमलेलं नाही. त्यांनी नर्सकडून कापूस मागून घेतला. इतकी वर्षं अव्वाशी घासाघीस करताना तिची बोटं त्यांनी नीट बघितली असावीत. त्या खाटेवर बसून माळ वळू लागल्या. कुंकू कुठून आणायचं? जखमेला लावतात ते लाल औषध ट्रेमध्ये होतं, त्याचा ठिपका. पिवळं औषधही होतं. वॉर्डाच्या खिडकीला नाताळचा बर्फ लागला. आणि शेजारच्या खाटेवरच्या नवऱ्याजवळ बसलेली अथणीकडची एक बाई बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिली, आणि मग कानडीत, खुणांनी, टीचरांना विचारू लागली की हे गेजवस्त्र मला द्याल का, देवापुढं ठेवून नवऱ्यासाठी नवस बोलायचाय. टीचर म्हणाल्या, घे, तुझंच आहे. बाई ऐकेना. देवाचं फुकट न्यायचं नसतं. तिनं पदराच्या गाठीतली नोट काढून टीचरांच्या मुठीत कोंबली, आणि टीचरांनी, घंटेच्या त्या आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं लेकीला सांगितलं होतं, "शांता, सोलापूरला फोन लाव. म्हणावं, उघडा दुकान!"

मी फोन कानाला तसाच धरून उभा होतो. आमचं दुकान या शटरपासून त्या फळीपर्यंत आहे, असं मी समजत होतो. ते आमच्या आधीच मिरजेला पोचलं होतं, आमच्यापैकी कुणालाही न सांगता, दवाखान्याच्या कापसातून; आणि तिथून आता अथणीच्या बाजूच्या कुठल्याशा देव्हाऱ्यात, कुणाच्या तरी नवऱ्याच्या उशाशी, मी कधी बघणार नाही अशा ठिकाणी. ते अजून कुठवर जाईल, मला सांगता येत नाही.

अप्पा स्टुलावरून खाली उतरले होते. सलीमचाचांनी बशी ठेवली होती. अव्वा मात्र उठली नाही; कुंकवाचं बोट कळीवर टेकवून तशीच थांबली होती, माझ्या तोंडाकडे बघत, आणि तिच्या ओठांना विचारायचं होतं ते विचारायचं धाडस होत नव्हतं.

"टीचर बऱ्या हायत, अव्वा," मी म्हणालो. "आन् बोहनी झालीया. कवाच झालीया."